गाडीचा मुक्काम कोणत्या गावी?

लोणी काळभोरच्या स्टेशन चौकात, सोलापूर रस्त्याच्या कडेला, हडपसरकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभे राहण्याचा योग ज्याला वारंवार येतो, त्याला कालहरणासाठी गाड्यांच्या पाट्या वाचण्याचा छंद आपोआपच जडतो; आणि तो जडला की थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात येते की, एकाच महामंडळाच्या या गाड्यांचे गोत्र मात्र एक नाही. बहुतेकींच्या कपाळी पुण्याचा एमएच-१२ असतो, मधूनच एखादी पिंपरी-चिंचवडचा एमएच-१४ मिरवीत येते. कुणाची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी, तर विजेवर चालणारीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी.

या भेदाचा इतिहास फार गूढ नाही. चाळीसच्या दशकात पुण्याची शहरवाहतूक सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीकडे होती. १९५० साली पुणे नगरपालिकेने, म्हणजे नुकत्याच झालेल्या महापालिकेने, आपली पीएमटी उभी केली. १९७४ पासून पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी चूल मांडून राहिली. आणि २००७ साली या दोन्ही चुली एक होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ जन्मास आले. तुटीचा भार पुण्याने ६० आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के वाहावा असे ठरले. जमाखर्च एक झाला, आकडे मात्र आपापल्या दफ्तरांतच राहिले, आणि लोकांच्या तोंडची ‘पीएमटी’ तर आजतागायत गेलेली नाही.

वस्तुतः गाडीच्या आकड्यामागे कायदेकर्त्यांचा एक सुबोध हेतू होता. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने असे सांगितले की, मालकाचे निवासस्थान वा व्यवसायाचे ठिकाण जेथे आहे आणि गाडी सामान्यतः जेथे ठेवली जाते, तेथील अधिकाऱ्याकडेच तिची नोंदणी व्हावी. ‘सामान्यतः जेथे ठेवली जाते’ या शब्दांत आगाराची सगळी कल्पना सामावलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र राज्यातील कोणत्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे जाण्याची मोकळीक दिली, आणि आकडा व ठिकाण यांचे नाते कायद्यानेच सैल केले. एसटीच्या बाबतीत तर ते पूर्वीपासूनच सैल होते. चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधलेली गाडी औरंगाबादचा एमएच-२० घेऊन कोकणात आयुष्य काढी आणि दापोडीची गाडी मराठवाड्यात; त्यांचा आकडा जन्मगावाचा असे, वास्तव्याचा नव्हे.

तेव्हा पाटीवरून गाडीचे गाव ठरत नाही, हे उघड आहे. मग ते मालकीवरून ठरते म्हणावे, तर तेथे याहूनही मोठा घोटाळा आहे. महामंडळाच्या नावाने धावणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा आज ठेकेदारांचा आहे. गाडी त्याची, चालक त्याचा, वाहक महामंडळाचा, आणि देयक किलोमीटरच्या हिशेबाने. हा प्रकार आपल्या मुलखाला नवा वाटण्याचे कारण नाही. शिवकालीन घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हा भेद आपण शाळेतच शिकलो. सभासदाने आपल्या बखरीत पागेची जी रचना वर्णिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद नेमलेला दिसतो. शिलेदार होते, परंतु त्यांना पागेच्या ताब्यात ठेवलेले होते. घोडे किती आहेत यापेक्षा घोड्याला पाणी कोण पाजतो, नाल कोण मारतो आणि रात्री तो कोठे बांधला जातो, हे त्या कारभाराने आधी ठरवले. आजच्या बसताफ्याची चर्चा निघाली की सारे जण गाड्यांची संख्या विचारतात; आगारात खड्डे किती, यांत्रिक किती आणि सुटे भाग वेळेवर मिळतात की नाही, हे फारसे कोणी विचारत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये थकीत देयकांसाठी ठेकेदारांनी गाड्या एकाएकी उभ्या केल्या, तेव्हा पागा दुर्बळ आणि शिलेदार प्रबळ झाले म्हणजे काय होते, ते परीक्षेच्या दिवसांत थांब्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना बखर न वाचताच कळले. शिलेदार नकोत असे माझे म्हणणे नाही. निम्मा ताफा तरी पागेचा असावा, एवढेच आहे.

माझ्या मते गाडीचे खरे गाव तेच, जेथे ती रात्री विसावते, कारण पहाटेची पहिली फेरी कोणाला मिळणार आणि रात्रीची शेवटची कोणासाठी थांबणार, हे त्या एका गोष्टीवर अवलंबून असते. गाडी आगारातून रिकामी निघून पहिल्या थांब्यावर जाते आणि काम संपल्यावर रिकामीच परत येते. त्या अंतराला वाहतूक खात्यात ‘डेड किलोमीटर’ म्हणतात. त्यात इंधन व वेळ दोन्ही जातात, उतारू एकही मिळत नाही. साहजिकच आगारापासून दूर असलेल्या गावाची पहाटेची फेरी उशिरा सुरू होते, रात्रीची लवकर आटोपते, आणि गाड्या कमी पडल्या की कात्री प्रथम तेथेच लागते. ‘तुमच्याकडे उतारू नाहीत’ हे उत्तर मग सुलभ होते. गाडी नाही म्हणून उतारू नाहीत, हा अर्धा भाग अहवालात येत नाही.

आता लोणीची स्थिती पाहा. २०२१ साली आमचे पोलीस ठाणे ग्रामीणमधून पुणे शहर आयुक्तालयाकडे गेले. त्याच वर्षी महापालिकेची हद्द शेवाळेवाडीपर्यंत आली आणि तेथेच थांबली. सोलापूर रस्त्यावरचे महामंडळाचे शेवटचे आगारही तेथेच. कवडीपाट ओलांडला की ग्रामपंचायत सुरू. म्हणजे चोरी झाली तर आम्ही शहरवासी, आणि बस हवी असली तर ग्रामस्थ! राजबागेतल्या विद्यापीठाचे विद्यार्थी, स्टेशनाजवळच्या तेलसाठ्यांवर पाळीने जाणारे कामगार, थेऊरच्या चिंतामणीला निघालेले भाविक, या सर्वांना दोन्ही महापालिकांच्या ताळेबंदात स्थान नाही. (ज्या गावातून टँकर भरभरून इंधन बाहेर जाते, त्याच गावाने गाडीसाठी तिष्ठावे, यातला विनोद चौकात उभे राहिल्यावाचून कळायचा नाही.) २०१५ साली स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या मुलखाच्या बांधकामांना परवाने देते, त्याने महामंडळात प्रसंगोपात्त साहाय्यकर्ता म्हणून नव्हे, तर तिसरा कायमचा भागीदार म्हणून बसले पाहिजे, आणि त्या भागभांडवलाच्या मोबदल्यात कवडीपाटच्या अलीकडे, आमच्या बाजूला, आगारासाठी जागा राखून दिली पाहिजे.

एसटीच्या खात्यात ‘मुक्कामी गाडी’ नावाची एक जुनी सोय आहे. रात्री शेवटच्या गावी जाऊन गाडी तेथेच थांबे, चालक-वाहक देवळात किंवा चावडीत पथारी पसरीत, आणि भल्या पहाटे तीच गाडी दूध, भाजी व शाळेची पोरे घेऊन तालुक्याला निघे. लोणीलाही मुक्कामाचे अप्रूप नाही. तुकोबांची पालखी दर आषाढीला येथे एक रात्र विसावते आणि दुसऱ्या दिवशी यवतची वाट धरते. बसचा मुक्काम याहून अवघड असेल तर तो एवढ्यापुरताच की, विजेच्या गाडीला रात्री पथारीऐवजी चार्जिंग लागते. त्यासाठी उच्च दाबाची जोडणी, पक्की फरसबंदी आणि कुंपण हवे. आगार उभे राहायला काही वर्षे लागतील हे मान्य आहे. तूर्त शेवाळेवाडीच्या ताफ्यातल्या सीएनजीच्या चार गाड्या लोणीत मुक्कामी ठेवाव्यात आणि त्यांतली पहिली पहाटे साडेचारला स्टेशन चौकातून सुटावी. तिचा आकडा १२ असो की १४.