पोटाचा कर्करोग, जनुके आणि ‘रक्ता’चा जुना वाद

कोलंबियातील नारिन्यो प्रांतात तुमाको आणि तुकेरेस ही दोन गावे आहेत. पहिले समुद्राकाठी, दुसरे अँडीजच्या डोंगरात. दोन्हीकडे सुमारे ९० टक्के लोकांच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडतो. पोटाच्या कर्करोगाचे हे एक प्रमुख कारण. तरीही तुकेरेसमध्ये दरवर्षी लाखामागे सुमारे १५० जणांना हा कर्करोग होतो, तर तुमाकोत सुमारे ६ जणांना. असे का?

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात माणसांची आणि जिवाणूंची, दोघांचीही जनुके तपासली गेली. तुमाकोतील बहुसंख्य लोक गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज. तुकेरेसचे बहुसंख्य अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे. आफ्रिकी वंशाचा जिवाणू आफ्रिकी वंशाच्या माणसाला फारसा घातक ठरत नाही, पण मूळ रहिवाशांच्या वंशजांना ठरतो. म्हणजे दोष ना एकट्या माणसाच्या जनुकात, ना एकट्या जिवाणूत. हजारो वर्षे जुळलेली जोडी स्पॅनिश आक्रमणाने आणि गुलामगिरीने मोडली. इतिहासातला अन्याय असा पोटापर्यंत पोहोचतो.

हे समजायला इतका उशीर का लागला? २०१८ पर्यंतच्या जनुकीय जोखमीच्या अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ७८ टक्के युरोपीय वंशाचे होते, लॅटिन अमेरिकी जेमतेम १ टक्का. ज्यांची मोजणीच होत नाही, त्यांचा आजार कोणाला दिसणार?

हा प्रश्न आपलाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली केली. त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र नमुना देणाऱ्याला त्याच्या भाषेत सगळे समजावून संमती घेतली का, आणि त्यातून निघालेली तपासणी, औषधे वस्तीतल्या माणसापर्यंत पोहोचणार का, हे विचारणे आपले काम आहे.

दुसरा धोका आणखी जुना आहे. जनुकांतले फरक दाखवून ‘अमक्यांचे रक्तच वेगळे’ म्हणणारे उद्या पुन्हा उभे राहतील. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मानववंशशास्त्राचीच मोजमापे घेऊन अस्पृश्यतेचा वांशिक आधार खोडून काढला होता. आपणही विज्ञानाला घाबरून दूर राहू नये; ते वाचून उत्तर द्यावे.

तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की प्रत्येक गोष्ट कारणांच्या साखळीतून घडते. जनुक ही त्यातली एक कडी. जिवाणू, खारवलेले अन्न, तंबाखू, गर्दीची घरे, अस्वच्छ पाणी या बाकीच्या कड्या. जनुक आपण बदलू शकत नाही, पण या जिवाणूची तपासणी होते आणि औषधाने तो जातोही. म्हणून विहारातल्या पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेबरोबर पोटाच्या दुखण्याचीही चौकशी करूया. महिनोन्महिने जळजळीवर नुसत्या गोळ्या खाणारी, वजन घटत चाललेली माणसे आपल्याच वस्तीत आहेत. त्यांना वेळेत डॉक्टरांकडे नेऊया.