जनमत जागे होते, कायदा निजला होता

१९७९ साली आसामातील मंगलदै मतदारसंघाचे खासदार हिरालाल पटवारी यांचे निधन झाले आणि तेथे लोकसभेच्या पोटनिवडणुकीची तयारी सुरू झाली. मतदारयाद्यांची फेरतपासणी हे अशा वेळचे नित्याचे, रुक्ष काम. पण त्या याद्या गावोगाव वाचल्या जाऊ लागल्या, तेव्हा आपल्याच गावाच्या यादीत अनोळखी नावांची दाटी पाहून लोक चकित झाले. हरकतींचे अर्ज हजारोंच्या संख्येने दाखल झाले. त्याच वर्षी ८ जून रोजी अखिल आसाम विद्यार्थी संघटनेने बंद पुकारला आणि स्वतंत्र भारतातील सर्वांत प्रदीर्घ जनआंदोलनांपैकी एकाला आरंभ झाला.

हा आरंभ लक्षात ठेवण्याजोगा आहे. घुसखोरीचा प्रश्न कोणा पुढाऱ्याने व्यासपीठावरून निर्माण केला, असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. वस्तुस्थिती अशी की, हा प्रश्न एका सरकारी यादीतून, शेतकरी, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी आपल्या डोळ्यांनी वाचला. पुढची सहा वर्षे विद्यार्थ्यांनी परीक्षांवर पाणी सोडले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेलाची वाहतूक रोखली गेली. या काळात ८५५ जणांनी प्राण गमावल्याची नोंद विद्यार्थी संघटनेने ठेवली आहे. लोकशाहीत जनमत याहून अधिक स्पष्टपणे कसे व्यक्त व्हावे?

१५ ऑगस्ट १९८५ च्या पहाटे आसाम करार झाला आणि पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्याच दिवशी लाल किल्ल्यावरून त्याची घोषणा केली. २५ मार्च १९७१ रोजी किंवा त्यानंतर आलेल्या विदेशी नागरिकांना हुडकावे, मतदारयादीतून वगळावे आणि देशाबाहेर काढावे, असे शासनाने लेखी मान्य केले. लोक घरी परतले. जे मागितले ते मिळाले, असे त्यांना वाटले. परंतु करारावर सह्या होण्यापूर्वीच तो निष्फळ करण्याची सोय कायद्याच्या पुस्तकात झालेली होती.

ही सोय म्हणजे १९८३ चा अवैध स्थलांतरित निर्धारण कायदा. उर्वरित भारतात १९४६ चा विदेशी नागरिक कायदा लागू होता. त्यानुसार आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्याचे दायित्व संबंधित व्यक्तीवर असे. कारण आपला जन्म, आपले आईवडील, आपले गाव यांची माहिती ज्याची त्यालाच असते. आसामापुरता मात्र हा न्याय उलटा करण्यात आला. आता दुसऱ्याने सिद्ध करायचे की, अमुक मनुष्य विदेशी आहे. त्यासाठी तक्रारदार त्याच परिसरातील असावा, त्याने शुल्क भरावे, प्रतिज्ञापत्रे जोडावीत. ज्याचा जन्म कोठे झाला हे ठाऊक नाही, त्याचा जन्म तेथे झाला नाही हे शेजाऱ्याने कसे सिद्ध करावे? 'पीडितांना संरक्षण' अशा गोंडस शब्दांत या कायद्याचे समर्थन झाले. प्रत्यक्षात त्याने संरक्षण कोणाला दिले, हे आकडेच सांगतात.

केंद्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या माहितीनुसार, ३० एप्रिल २००० पर्यंत या कायद्याखाली ३,१०,७५९ प्रकरणांत चौकशी सुरू झाली. अवैध स्थलांतरित ठरले १०,०१५. प्रत्यक्ष देशाबाहेर पाठवले गेले १,४८१. सतरा वर्षांत दीड हजारही नाहीत! शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये, जेथे जुना कायदा लागू होता, १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात ४,८९,०४६ जणांना परत पाठवण्यात आले. सीमा तीच, देश तोच. फरक होता तो केवळ कायद्याच्या एका कलमाचा.

कायदा पंगू असला की, लोकांचा संताप वाट चुकतो. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्ली येथे जे घडले, ते आसामच्या इतिहासातील काळेकुट्ट पान आहे. काही तासांत दोन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्या घटनेचे समर्थन कोणत्याही सभ्य माणसाला करता येणार नाही आणि करूही नये. शासनाने करावयाचे काम जमावाच्या हाती गेले की काय होते, याचा तो धडा आहे. सीमेचे आणि नागरिकत्वाचे प्रश्न कायद्याने, वेळेवर सोडवावे लागतात, ते याचसाठी.

पण राज्यकर्त्यांना प्रश्न सोडवण्यापेक्षा तो झाकण्यात अधिक रस होता. १९९२ च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांनी विधानसभेत वीस ते तीस लाख घुसखोर असल्याचे सांगितले आणि दोनच दिवसांत शब्द फिरवला. २००४ च्या जुलैमध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत देशभरातील संख्या १ कोटी २० लाख आणि एकट्या आसामातील ५० लाख असल्याचे निवेदन केले आणि पुढे तेही मागे घेतले. आकडा जाहीर करायचा आणि मतपेढीचा हिशेब डोळ्यांपुढे आला की गिळून टाकायचा, हा खेळ अनेक वर्षे चालला. परिणामी नेमकी संख्या कोणालाच ठाऊक नाही आणि ज्याला जी सोयीची ती संख्या त्याने सांगावी, अशी अवस्था झाली.

या कोंडीतून वाट काढली ती न्यायालयाने. विद्यार्थी संघटनेचे माजी अध्यक्ष सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने १२ जुलै २००५ रोजी निर्णय दिला आणि तो कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. परकीय आक्रमणापासून प्रत्येक राज्याचे रक्षण करणे हे घटनेच्या कलम ३५५ नुसार केंद्राचे कर्तव्य आहे आणि आक्रमण केवळ सैन्यानेच होते असे नाही, हा त्या निर्णयाचा गाभा. मंगलदैच्या गावकऱ्यांनी यादी वाचून जे ओळखले, ते देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य करायला सव्वीस वर्षे लागली.

येथवरची कथा आपल्या वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. परंतु त्यानंतरच्या वीस वर्षांचा हिशेबही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवा. कारण कायदा बदलला म्हणजे कार्य संपले, हा भ्रम आपल्यातही आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आसामात राष्ट्रीय नागरिक नोंदपुस्तक अद्ययावत करण्यात आले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अंतिम यादी प्रसिद्ध झाली. ३ कोटी ३० लाखांहून अधिक अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण बाहेर राहिले. या यादीने कोणाचेच समाधान झाले नाही. घुसखोर आत राहिले असे एक पक्ष म्हणाला. खरे नागरिक बाहेर राहिले असे दुसरा. दुर्दैवाने दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. बाहेर राहिलेल्यांत बंगाली हिंदू होते, गोरखा होते, पुरात कागदपत्रे वाहून गेलेली गरीब कुटुंबे होती, माहेरचा पुरावा जोडता न आलेल्या विवाहित स्त्रिया होत्या. एवढा खटाटोप करून सिद्ध झालेली यादी पुढे अनेक वर्षे अधिसूचित न होता पडून राहिली.

त्याच २०१९ मध्ये सैन्यात तीस वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याला न्यायाधिकरणाने विदेशी ठरवले आणि त्याला स्थानबद्ध केले गेले. उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. पण तोवर आपल्या बाजूचे जे नुकसान व्हायचे ते झाले होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात बजावले की, सिद्धतेचा भार व्यक्तीवर असला तरी, हाती काहीही आधार नसताना कोणालाही उचलून 'तू विदेशी आहेस' असे म्हणण्याचा अधिकार प्रशासनाला नाही.

राष्ट्रहिताची चिंता वाहणाऱ्यांनी या निर्णयाचे स्वागतच करायला हवे. एका खऱ्या नागरिकावर अन्याय झाला की, दहा खऱ्या घुसखोरांना त्याच्या आड लपता येते. ढिसाळ तपास, चुकीची नावे, पाहणी न करता भरलेले अहवाल यांमुळे घुसखोर पकडला जात नाही, कायद्याची विश्वासार्हता मात्र जाते. शिवाय विदेशी ठरलेल्या मनुष्याला परत पाठवायचे, तर समोरच्या देशाने तो आपला आहे हे मान्य करावे लागते. तेथे घोषणा चालत नाही. नाव, गाव, कुटुंब यांचा पडताळा चालतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. छळामुळे जीव मुठीत धरून आलेला निर्वासित आणि चोरवाटेने आलेला घुसखोर यांत भेद करावा, ही आपली भूमिका आहे. डिसेंबर २०१९ मधील नागरिकत्व दुरुस्ती कायदा त्याच भूमिकेतून झाला आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या पीडितांना त्याने आधार दिला. परंतु आसामच्या जनमताने त्यालाही विरोध केला; कारण त्यांना १९७१ ही मर्यादा सर्वांसाठी हवी आहे. त्यांची चिंता भाषा, भूमी आणि आपल्याच घरात अल्पसंख्य होण्याची आहे. हे आपल्याला रुचो वा न रुचो, ते ऐकून घ्यावे लागेल. फाळणीचा भार संपूर्ण देशाचा आहे. तो एकट्या आसामने वाहावा असे म्हणणे न्याय्य नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. तेथील जंगलकाठच्या शेतांत घाम गाळून त्या कुटुंबांनी हा देश आपला केला. महाराष्ट्राने तेव्हा वाटा उचलला, तसा तो प्रत्येक राज्याने उचलला पाहिजे.

आता प्रत्यक्ष सीमेकडे वळू. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांबीची. पैकी २,२१६ किलोमीटर पश्चिम बंगालची, तर आसामची अवघी २६३. म्हणजे आसामात उमटणाऱ्या पावलांपैकी कित्येक अन्य राज्यांच्या वाटेने आलेली असू शकतात. गृह मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेला दिलेल्या माहितीनुसार सुमारे ३,२३२ किलोमीटरवर कुंपण झाले आणि ८६४ किलोमीटर उरले. त्यातील सुमारे १७४ किलोमीटरवर नद्या, दलदल आणि अन्य भौगोलिक कारणांमुळे कुंपण घालणेच शक्य नाही. धुबडी येथे ब्रह्मपुत्रेच्या ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात पाण्यावर तार कशी ताणणार? तेथे २०१९ मध्ये संवेदक आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा उभारण्यात आली. इतरत्र अडचण नदीची नाही, भूसंपादनाची आहे. राज्य शासनाने जमीन दिली नाही, तर सीमा सुरक्षा दलाच्या जवानाने उघड्या शेतावर रात्र जागवायची.

आणि कुंपणापलीकडे राहणाऱ्या भारतीयांचे काय? कुंपण सीमारेषेपासून दीडशे यार्ड आत उभे राहते. त्यामुळे कित्येक शेते, काही ठिकाणी घरेही पलीकडे राहतात. ठरलेल्या वेळी दरवाजा उघडतो, ओळखपत्र दाखवून शेतकरी आपल्याच शेतात जातो. सीमेचे खरे मोल तो रोज मोजतो आहे. त्याचे पुनर्वसन आणि सन्मान हा सीमासुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.

राहिला प्रश्न तुमचा-आमचा. घुसखोर केवळ सीमा ओलांडून येत नाही. आतून कोणीतरी दार उघडतो. सीमेवरचा दलाल, बनावट दाखला देणारा कारकून, शिधापत्रिका मिळवून देणारा कार्यकर्ता, स्वस्त मजूर हवा म्हणून चौकशी न करणारा कंत्राटदार आणि भाडे वेळेवर येते म्हणून भाडेकरार न नोंदवणारा घरमालक, ही ती साखळी. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात बनावट कागदपत्रांसाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण दाखला विकणारा आपल्याच ओळखीचा असेल, तर तक्रार करण्याचे धैर्य कोण दाखवणार? सभेत टाळ्या देणे सोपे. कामगाराची नोंद करणे, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे आणि तरीही बंगाली बोलतो एवढ्यावरून कोणाकडे संशयाने न पाहणे, हे अवघड. नागरिकत्व भाषेवरून ठरत नाही, ते कायद्याने ठरते.

मंगलदैच्या लोकांनी काही विशेष केले नव्हते. त्यांनी आपल्या गावाची यादी लक्षपूर्वक वाचली आणि सनदशीर मार्गाने हरकत नोंदवली. देशाची जागृती तेवढ्यातून सुरू झाली. आपल्या प्रभागाची मतदारयादी आपण अखेरची कधी वाचली, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. निजलेला कायदा जागा होण्यास सव्वीस वर्षे लागली. आता जनमताने निजून चालणार नाही.