सवयीचा रस्ता ओला होतो तेव्हा

वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म १-अ’, माझ्या टेबलावर वरचेवर येते. वयाची ५५ वर्षे ओलांडल्यावर परवाना एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतो आणि दर वेळी डॉक्टरची सही लागते. बहुतेक वेळा ती सही दोन मिनिटांत होते. गेल्या जूनमध्ये मात्र एका सहीने मला दोन आठवडे थांबवले.

बहात्तर वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक मुलासह दवाखान्यात आले होते. घरी सारे त्यांना आबा म्हणतात. मोठी बहीण धुळ्याला असते. तिला भेटायला ते महिन्यातून दोनदा जळगावहून एरंडोल-पारोळ्यामार्गे स्वतः गाडी चालवत जातात. तपासणी झाल्यावर मुलगा मागे रेंगाळला. “डॉक्टरसाहेब, नकार तुम्हीच द्या. आमचे ते ऐकत नाहीत.” बाहेरून आबांचा आवाज आला, “चाळीस वर्षं चालवतोय. रस्ता मला पाठ आहे.”

फॉर्ममध्ये एक प्रश्न असा आहे: दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरील गाडीची नंबरपट्टी ओळखता येते का? आबांना आली. पण पावसाळी संध्याकाळी, ओल्या काचेतून, समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांवर आल्यावर काय दिसते, हे त्या कागदावर कोणी विचारत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती. “सहीला थोडे थांबू,” एवढेच मी म्हणालो.

त्याच आठवड्यात आबांच्या पत्नीचा रक्तदाब पाहण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. आतल्या खोलीत नातू संगणकासमोर बसला होता. टेबलाला स्टिअरिंग घट्ट बसवलेले, पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. ‘आयरेसिंग’ नावाच्या सिम्युलेटरवर तो अमेरिकी स्टॉक कार चालवत होता. या सुमारे दीड टनी, अवजड शर्यतीच्या गाड्या. २०२४ च्या मार्चपासून या सिम्युलेटरमध्ये पाऊसही पडू लागला आहे. शर्यत चालू असताना सर येते, डबकी साचतात, पुन्हा ऊन पडते आणि रस्ता हळूहळू वाळतो.

मला हा पोरखेळ वाटला. नातवाने सांगितलेली हकिगत ऐकून मत बदलले. शिकागो शहराच्या रस्त्यांवरील मार्ग २०२१ मध्ये आधी याच सिम्युलेटरवर तयार झाला. खरी शर्यत तिथे २ जुलै २०२३ रोजी झाली, तीही भर पावसानंतरच्या ओल्या रस्त्यावर. जिंकला न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन. त्या मालिकेतली ती त्याची पहिलीच शर्यत होती!

आबांनाही बसण्याचा मोह झाला. कोरड्या रस्त्यावर त्यांनी दोन फेऱ्या व्यवस्थित मारल्या. मग पडद्यावर भुरभुर सुरू झाली. त्याच वळणावर, त्याच रेषेने आत गेलेली गाडी घसरली. पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तेच. नातू म्हणाला, “आबा, कोरड्यातली रेघ सोडा. पाऊस पडल्यावर तीच सगळ्यात निसरडी होते.”

कारण समजून घेण्यासारखे आहे. शर्यतीत सगळ्या गाड्या एकाच रेषेने धावतात आणि टायरचे रबर तिथे थरासारखे बसते. कोरड्यात त्या थरावर पकड उत्तम मिळते. ओला झाला की तोच गुळगुळीत होतो. म्हणून जाणता चालक पावसात शेजारच्या खरखरीत डांबरावरून जातो आणि गाड्यांच्या चाकांनी पाणी हटून ती रेष वाळली की परततो. आपल्या महामार्गावर असे मार्गिका सोडून जायचे नाही, हे सांगायला नकोच. शिकायचे ते एवढेच, की तो चालक प्रत्येक फेरीला रस्ता नव्याने तपासतो. मागच्या फेरीत जमले, म्हणून याही फेरीत जमेल, असे तो धरून चालत नाही.

चौथ्या फेरीत आबांना गरगरले, मळमळू लागले. डोळे सांगतात शरीर धावते आहे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ते स्थिर आहे. या विसंगतीने असे होते आणि वयस्करांना अधिक होते. खेळ थांबवला, डोळे मिटून त्यांना बसवले. पाणी पिऊन झाल्यावर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मागच्या आषाढात पारोळ्याच्या अलीकडे असंच झालं होतं. समोरून ट्रक आला आणि पुढचं काहीच दिसेना. गाडी रस्त्याच्या खाली गेली. घरी बोललो नाही.” दारात उभा असलेला मुलगा काही बोलला नाही. तो गप्प राहिला, हे बरे झाले.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला वयामुळे अर्धा सेकंद अधिक लागला, तर ८ मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर कोरड्याच्या दीडपट, कधी त्याहूनही अधिक होते. त्यात आपल्या खानदेशात पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होते, ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल महामार्गावर येतो. पाठ असलेला रस्ता तो हाच. पण तो बदललेला असतो आणि आपणही बदललेले असतो.

मी सही केली नाही. नेत्रतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आबा सर्दीसाठी रोज एक जुन्या प्रकारची, झोप आणणारी गोळी घेत होते, तीही बदलली. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, दिवाळीनंतर पुन्हा तपासले आणि मग सही केली. एक करार मात्र कुटुंबासमक्ष झाला: अंधारात नाही, पावसात नाही.

वाचकहो, काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत आणि झोत सहन होत नसल्यास ते आवर्जून सांगावे. झोपेच्या, सर्दीच्या, खाजेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. मनाने कोणतेही औषध बंद करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी गाडी काढू नये.

घरच्यांनी गाडीवरचे नवे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, सिग्नल उशिरा लक्षात येणे यांकडे लक्ष द्यावे. किल्ली लपवू नये, चारचौघांत बोलू नये. शेजारच्या आसनावर बसून एक फेरी मारावी आणि मग एकांतात विषय काढावा.

नातवाच्या सिम्युलेटरवर बसायचे तर दहा मिनिटे पुरेत. चक्कर किंवा फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी ते टाळावे. तिथे गाडी नीट चालली म्हणून रस्त्यावर चालेलच, असेही समजू नये.

या आषाढात आबा धुळ्याला एसटीने गेले. ६५ ते ७५ वयाला तिकीट अर्धे आहे, पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. परवा रक्तदाब दाखवायला आले, तेव्हा तक्रारीच्या सुरात म्हणाले, “चाळीस वर्षांत पारोळ्याचा किल्ला नीट पाहिला नव्हता. या वेळी उतरून पाहिला. बहीण वाट बघत बसली, रागावली.”