फियाटचे लायनर आणि आपण

मैत्रिणींनो, भेंडी घेतानाही आपण टोक मोडून बघतो. मग गाडीच्या ब्रेकबद्दलच ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून गप्प का बसायचं?

सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी आम्ही हौसेनं ठेवली आहे. (मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली बंद झाली, तेव्हा आमचे हे चक्क हळवे झाले होते!) मध्यंतरी उतारावर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढू लागली. आत नातवंडं बसलेली. शेवटी मीच गॅरेजात जाऊन उभी राहिले.

तिथे कळलं, या गाडीला ब्रेक पॅड नसतातच. चारही चाकांना ड्रम, आत ब्रेक शू आणि त्यावर लायनर. पुढचा एक लायनर ब्रेक ऑइलनं भिजला होता. मेकॅनिक म्हणाला, “वहिनी, घासून देतो, चालेल.” नाही चालत हो! तेल प्यायलेला लायनर बदलायचाच. गळका व्हील सिलिंडरही दुरुस्त करायचा. आणि पुढच्या दोन्ही चाकांना एकदमच, एकाच बनावटीचे लायनर घालायचे, नाहीतर ओढ राहते.

लायनर अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले मागा, चार पैसे जास्त गेले तरी. जुन्या लायनरमध्ये ते सर्रास असायचं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. तिथला कोवळा पोरगा ड्रम उघडून तोंडानं फुंकर मारत होता. मी ओरडलेच! ओल्या फडक्यानं पुसायला लावलं.

बिल बघून ह्यांनी कपाळाला हात लावला. लावू देत!