बुडालेले रुपे आणि विसरलेली वेठ

८ जून १७०८ रोजी कार्ताहेनाजवळ इंग्रज आरमाराशी लढताना स्पेनचे ‘सान होसे’ हे खजिन्याचे गलबत सुमारे ६०० माणसांसह बुडाले. २०१५ मध्ये कोलंबियाने ते सापडल्याचे जाहीर करताच वारसदारांची रांग लागली. युद्धनौका आमची, असे स्पेन म्हणतो. समुद्र आमचा, असे कोलंबिया म्हणतो. शोध आमचा, असे सांगून एका अमेरिकन कंपनीने १० अब्ज डॉलर मागितले.

या हिशेबात श्रमाचे खातेच नाही. वस्तुतः त्यातील बरेचसे रुपे पोतोसीच्या डोंगरातले. १५७३ पासून ‘मिता’ नावाच्या वेठीने दर सात पुरुषांमागे एक, असे वर्षाला सुमारे १३,५०० मूळनिवासी त्या खाणींत जुंपले जात. त्यांचे वंशज असलेल्या बोलिव्हियातील कारा कारा समाजानेही हक्क सांगितला, तेव्हा कायदेपंडितांना इतिहास फार जुना वाटू लागला! तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाचे निशाण आजही पुरावा ठरते, तर त्याच काळातला घाम कालबाह्य कसा?

कोलंबियाच्या २०१३ च्या कायद्याने एकसारखी नाणी कंत्राटदाराला मोबदल्यात देण्याची वाट ठेवली होती. २०२० मध्ये संपूर्ण गलबत सांस्कृतिक ठेवा ठरवून ती बंद झाली, हे योग्यच झाले. पण लिलाव टळला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. राष्ट्राची मालकी ही समाजाची मालकी व्हायची असेल, तर वेठबिगारांच्या वंशजांना त्या ठेव्याच्या कारभारात हक्काचे स्थान मिळालेच पाहिजे.