डोंगरातला मुक्काम, अम्मीलाही सुट्टी

आमच्या देवळाली प्रवराच्या नावातली प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. तो अकोले तालुका आपल्याच जिल्ह्यातला. सुट्टीत घरातले मुलगे मित्रांबरोबर तिथले गड चढून येतात. अम्मी आणि मुली मात्र घरीच राहतात. कारणं ठरलेली असतात. झोपायचं कुठे, खायचं काय, नमाजचं कसं?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आता गावातच मिळतात. रतनवाडी, साम्रद, कुमशेत, पाचनई आणि कळसूबाईच्या पायथ्याचं बारी, या गावांत घरगुती मुक्कामाची सोय होते. पहिला मुक्काम रतनवाडीला करावा. दुसऱ्या दिवशी वाटाड्या घेऊन कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत गाठावं, तिथून पाचनई. पाचनईहून हरिश्चंद्रगडाची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. रोज संध्याकाळी डोक्यावर छप्पर आणि गरम जेवण मिळणार असेल, तर तंबू, भांडी, शिधा काहीच वाहावं लागत नाही. पाठीवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त ओझं नको.

त्या ओझ्यात काय असावं? कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. तो फक्त रात्रीसाठी. दिवसा कितीही घाम आला तरी त्याला हात लावायचा नाही. मोज्यांचे तीन जोड, कानटोपी, एक चादर, बॅटरी. नवे बूट घालून निघू नका. आधी आठ-दहा दिवस ते घालून बाजारात, शाळेत जा. टाचेला चुरचुरलं की फोड यायची वाट न पाहता तिथेच थांबून पट्टी लावा.

मुलींनी गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि खाली घट्ट सलवार घालावी. ओढणीऐवजी पिन लावलेला स्कार्फ बरा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर घोळदार कपडा पायात येतो. आणि अत्तर घरीच ठेवा. या जंगलात मोहोळं असतात. उग्र वासाने मधमाश्या चवताळतात.

यजमानांना आदल्या दिवशी फोन करावा. किती माणसं, त्यांत बायका किती, वेगळी खोली आणि शौचालय आहे का, हे स्पष्ट विचारावं. त्यात संकोच कसला? जेवण शाकाहारीच सांगावं. नाचणी-बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, डोंगरातला भात आणि हवी तर अंडी. मग हलालचा प्रश्नच उरत नाही. सूर्य मावळायच्या आत गावात पोचावं, म्हणजे मगरिब शांतपणे होते. किब्ल्याची दिशा दिवसाउजेडीच बघून ठेवावी. आपल्याकडून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. नमाज कसर करण्याबद्दल शंका असेल तर निघण्याआधी इमामसाहेबांना विचारावं.

पाण्याचं मात्र भान ठेवा. पावसाळ्यात धो धो भिजणाऱ्या या गावांत उन्हाळ्यात बायका डोक्यावरून हंडे आणतात. आपले रसूल (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात, वुजू करत. परक्या अंगणात तरी ही सुन्नत पाळावी. जेवणाचे जे पैसे ठरले असतील त्यात घासाघीस करू नका. त्या घरातली बाई दहा माणसांच्या भाकऱ्या चुलीवर थापते, तेव्हा आपल्या घरातल्या बाईला चूल पेटवावी लागत नाही.

हे शेवटचं वाक्य घरातल्या पुरुषांनी पुन्हा एकदा वाचावं. सहलीला जाऊनही डबे भरणारी, वाढणारी, आवरणारी अम्मीच असेल, तर तिची सहल झाली कुठे? पावसाळा संपला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला उत्तम हवा असते. यंदा माणसं मोजताना तिचं नाव सगळ्यांत आधी घ्या, आणि तिच्या मापाचे बूट आत्ताच आणा.