घड्याळ मनगटावर, फोन कुठे?

अम्मींना शुगर आहे. चक्कर आली तर मनगटावरूनच कॉल लावतील, म्हणून आम्ही त्यांना स्मार्टवॉच घेऊन दिले आणि निश्चिंत झालो. गेल्या महिन्यात फजरची नमाज पढून उठताना त्यांना घेरी आली. घड्याळ दाबले, पण कॉल लागेना. फोन खालच्या मजल्यावर चार्जिंगला होता! अल्लाहचे शुक्र, त्यांची हाक आम्हाला ऐकू आली.

चूक आमचीच. सिम नसलेले घड्याळ ब्लूटूथवरून फोनचेच नेटवर्क वापरते. ही जोडणी साधारण 10 मीटरपर्यंतची. मध्ये भिंत किंवा स्लॅब आला की त्याहून कमी. ब्लूटूथ आणि घरातले बरेचसे वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात, मायक्रोवेव्हही त्यातच. मग गर्दीत जोडणी अडखळते. शिवाय फोनचा बॅटरी सेव्हर घड्याळाचे अ‍ॅप थांबवू शकतो.

आता अम्मींचा फोन त्यांच्याजवळच राहतो. अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळले आहे. दर जुम्म्याला घड्याळावरून एक कॉल लावून पाहतो. ई-सिमचे घड्याळ फोन जवळ नसतानाही कॉल लावते. पण ते महाग, आणि बॅटरीही लवकर उतरते.

तुमच्या घरच्या बुजुर्गांच्या हातात असे घड्याळ असेल, तर आजच फोन दूरच्या खोलीत ठेवून कॉल लावून पाहा. भरवसा ठेवण्याआधी परीक्षा घ्यावी, हे आम्ही शिक्षकांनी तरी विसरायला नको होते.